दोन डब्यांमधला एक मिलिमीटर

मॉडेल रेल्वेचा छंद म्हटला की लोकांना वाटतं, इंजिन हा त्यातला अवघड भाग. मोटर, गिअर, वायरिंग... तिथे काहीतरी डोकं लागत असणार. डबे काय, इंजिनामागून मुकाट्याने जाणार! प्रत्यक्षात उलटं आहे. इंजिन एक तर चालतं, नाही तर चालत नाही. डब्यांचं दुखणं फार चिवट. गाडी अकरा फेऱ्या नीट मारते आणि बाराव्या फेरीला सातवा डबा सहाव्याचा हात सोडतो. तेही दर वेळी नाही. आमच्या धंद्यात ज्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, त्या जातीचा बग.

शोधायला बसलं की बहुतेक वेळा दोनच कारणं सापडतात. दोन्ही डब्यांच्या कपलिंगचा नमुना वेगळा, किंवा नमुना एकच पण रुळापासूनची उंची वेगळी. फरक किती, तर जेमतेम एक मिलिमीटर. मी ह्या एका मिलिमीटरच्या मागे लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचलो. तिथे मामला खेळण्याचा नव्हता, माणसांच्या हातांचा होता.

पुढे जाण्याआधी एक शब्द स्पष्ट करतो. आपण बोलताना अख्ख्या डब्याला 'बोगी' म्हणतो. रेल्वेवाल्यांची बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी, जी वळणावर डब्याखाली स्वतंत्रपणे फिरते. एका डब्याला अशा दोन. ह्या लेखात बोगी म्हणजे ती.

आता इतिहास. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली. सुरुवातीला डबे नुसत्या साखळीने जोडलेले असत. गाडी निघाली की साखळी ताणली जायची आणि प्रवासी आदळायचे, थांबली की डबे एकमेकांवर आदळायचे. ह्या कंपनीचे सेक्रेटरी हेन्री बूथ यांनी १८३६ साली स्क्रू कपलिंग काढलं. मधे आट्यांचा दांडा, तो फिरवला की दोन्ही डबे एकमेकांकडे ओढले जातात आणि बाजूचे बफर घट्ट टेकतात. धक्के गेले. पण तो स्क्रू फिरवायला माणसाला दोन डब्यांच्या मधे शिरावंच लागतं.

अमेरिकेत प्रकार आणखी वाईट होता. तिथे 'लिंक अँड पिन'. एका डब्याच्या खोबणीत लोखंडी कडी, समोरचा डबा अंगावर येत असताना माणसाने ती कडी हाताने धरून समोरच्या खोबणीत घालायची, आणि नेमक्या क्षणी वरून खिळा सोडायचा. क्षण चुकला की बोटं गेली, कधी हात, कधी माणूसच. ब्रेकमनच्या हाताला बोटं किती शिल्लक आहेत त्यावरून त्याचा अनुभव ओळखत, असं म्हणतात. अतिशयोक्ती असेल, पण अशी म्हण पडायलाही काही कारण लागतं.

ह्यावर उपाय काढला तो ईलाय जॅनी नावाच्या माणसाने. यादवी युद्धानंतर हा गृहस्थ व्हर्जिनियात कापडाच्या दुकानात कारकून होता. रेल्वेशी संबंध शून्य. त्याने लाकूड चाकूने कोरून एक नमुना बनवला. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, साधारण तसा. डबे एकमेकांवर टेकले की आपोआप अडकतात, मधे माणूस नको. १८७३ साली त्याला पेटंट मिळालं. म्हणजे आजच्या स्वयंचलित कपलरचा जन्म लाकडाच्या मॉडेलमध्ये झाला! आम्हा छंदी लोकांना ह्याचा उगीचच अभिमान वाटतो.

पेटंट झालं म्हणून कंपन्यांनी तो लगेच बसवला असं मात्र नाही. खर्च कोण करणार? शेजारच्या कंपनीच्या डब्यांवर नसेल तर आपल्या डब्यांवर असून उपयोग काय? नमुनेही ढीगभर झाले होते. शेवटी मार्च १८९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने 'सेफ्टी अप्लायन्स ॲक्ट' केला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांच्या डब्यांना आपोआप जोडले जाणारे कपलर हवेत, आणि सोडवायलाही माणूस मधे जाता कामा नये. मुदत १८९८ पर्यंत होती, ती वाढवून १९०० करावी लागली.

ह्या कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कपलरची रुळापासूनची उंचीही ठरवून घ्या, असं ते सांगतं. त्यानुसार रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने प्रमाण गेजसाठी आकडा ठरवला: जास्तीत जास्त ३४.५ इंच, आणि भरलेल्या व रिकाम्या डब्यात मिळून ३ इंचांपेक्षा जास्त फरक नको. डबा भरला की स्प्रिंगा दबतात, वर्षानुवर्षं धावून चाकं झिजतात, म्हणून ही ३ इंचांची सूट. म्हणजे १८९३ सालीच लोकांना कळलं होतं की नुसता नमुना ठरवून भागत नाही. तो कुठे टांगलाय, हेही ठरवावं लागतं.

आणि तरीही एक भोक राहिलं. ऑगस्ट १९०० मध्ये युटा राज्यात प्रॉमंटरी इथे सदर्न पॅसिफिक कंपनीच्या जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला एक डायनिंग कार इंजिनाला जोडायला सांगितली. इंजिनावर जॅनीचा कपलर होता, डायनिंग कारवर 'मिलर हूक'. दोन्ही स्वयंचलित! पण एकमेकांशी आपोआप जुळणारे नव्हेत. जॉन्सनला मधे शिरावं लागलं आणि त्याचा हात चिरडला. मनगटाच्या वरून कापावा लागला.

तो कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, आम्ही कायदा पाळलाय, इंजिनावर ऑटोमॅटिक कपलर आहे, डब्यावरही आहे. खालच्या कोर्टांनी हे मान्य केलं! १९०४ साली सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. दोन्ही टोकं 'एकमेकांशी' आपोआप जुळली पाहिजेत, माणसाला मधे जायला लागू नये हाच तर कायद्याचा हेतू, असा त्याचा अर्थ. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा खटला जरूर आठवणीत ठेवावा. दोन्ही मॉड्यूल्स स्वतंत्रपणे पास, इंटिग्रेशन फेल, आणि दोन्ही टीम म्हणतायत 'आमचं काम स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे'. फक्त इथे मधे एका माणसाचा हात होता.

आता टेबलावरच्या रेल्वेकडे येऊ. गंमत अशी की खऱ्या रेल्वेने हात गमावून जे शिकलं, ते खेळण्यातल्या रेल्वेने पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं.

जर्मनीच्या मॅर्कलिनने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक रुंदीचे रूळ आणि त्यावरच्या गाड्या अशी पद्धतशीर मांडणी आणली. रुळांची रुंदी हळूहळू सगळ्यांची जुळली. कपलिंगचं मात्र नाही, कारण कपलिंग वेगळं ठेवण्यात फायदा होता. माझं इंजिन घेतलंत की डबेही माझेच घ्या! फोनच्या चार्जरचं आपण जे भोगलं तेच.

ब्रिटनमध्ये हॉर्नबी-डब्लो १९३८ साली आली. १९५० च्या दशकात ट्राय-अँग ही स्वस्त प्लॅस्टिकची प्रतिस्पर्धी उभी राहिली. दोघांची कपलिंगं वेगळी. मग १९६४ साली ट्राय-अँगच्या मालकांनी, म्हणजे लाइन्स ब्रदर्सने, हॉर्नबीची मालक कंपनी मेकॅनोच विकत घेतली. आता एकाच छपराखाली दोन न जुळणारी कपलिंगं, आणि घरोघरी पोरांकडे दोन्हीचे डबे. त्यांनी काय करावं? एका टोकाला ट्राय-अँगचं आणि दुसऱ्या टोकाला डब्लोचं कपलिंग असलेला खास डबा विकायला काढला. चक्क ॲडॉप्टर पॅटर्न, रुळावर धावणारा! पुढे ट्राय-अँगचं 'टेन्शन लॉक' कपलिंगच ब्रिटिश मॉडेलांमध्ये सगळीकडे पसरलं.

अमेरिकेत छंदी लोकांनी १९३५ सालीच नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे एन.एम.आर.ए., काढली होती, कारणच हे की एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळावर चालेनात. कपलरसाठी त्यांच्याकडे एक्स-टू-एफ नावाचा एक प्रायोगिक नमुना तयार झाला. तो अधिकृत स्टँडर्ड कधी झाला नाही, पण फुकट वापरता येत होता, म्हणून कंपन्यांनी सर्रास बसवला. दिसायला तो कशासारखाच नव्हता. महायुद्धानंतर ओरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी जॅनीच्या कपलरसारखाच दिसणारा छोटा कपलर बनवायला घेतला. दोघांच्या नावातल्या 'के' आणि 'डी'वरून कंपनी 'केडी'. पुढे त्याला चुंबकाने सोडवायची सोय आली. पेटंट संपल्यावर इतरांनीही तसेच काढले, आणि आज अमेरिकन मॉडेलांचं ते जवळजवळ अलिखित स्टँडर्ड आहे.

माझ्या मते मात्र केडीची सगळ्यात मोठी देणगी कपलर नाही, एक छोटंसं माप आहे. रुळावर ठेवायचा एक ठोकळा, ज्याच्या टोकाला कपलर अचूक उंचीवर बसवलेला असतो. डबा त्याच्याजवळ सरकवायचा आणि डोळ्याने बघायचं, बस्स. एच-ओ म्हणजे १:८७ ह्या प्रमाणात ही उंची आहे २५/६४ इंच, म्हणजे ९.९२ मिलिमीटर. आता ह्याला ८७ ने गुणा. ८६३ मिलिमीटर, म्हणजे ३४ इंच! १८९३ च्या कायद्याने घालून दिलेल्या ३१.५ ते ३४.५ इंचांच्या बरोब्बर आत. जॉन्सनच्या काळातला तो आकडा आज पोरांच्या खेळण्यात शाबूत आहे.

युरोपने वेगळी युक्ती केली. तिथल्या छंदी संघटनांची मोरॉप ही संघटना १९५४ साली झाली. तिच्या 'एन.ई.एम.' मानकांपैकी ३६२ क्रमांकाचं मानक कपलिंगचं नाहीच, कपलिंग ज्यात खोचायचं त्या खोबणीचं आहे. खोबणीचा आकार आणि उंची ठरलेली, आकडा कुणाचाही बसवा. वाद आकड्यावरून होता, तर त्यांनी आकडा सोडून खोबणीवर एकमत केलं. चांगल्या इंटरफेसचं ह्याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. अर्थात डबे बनवणाऱ्याने खोबणी ठरलेल्या उंचीवर बसवली तरच! तसं न बसवलेले डबेही बाजारात भरपूर आहेत, म्हणून तर हा लेख.

माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणाहून जमवलेले बारा डबे आहेत. त्यांच्यावरून शनिवारच्या कामाची पद्धत सांगतो.

नवीन माणूस काय करतो, तर सातवा डबा सहाव्याशी जुळत नाही म्हणून सातवा थोडा उचलतो. मग तो आठव्याशी जुळत नाही. मग आठवा उचला. बारा डब्यांच्या ६६ जोड्या होतात, आणि कुठलं टोक कुठल्या टोकाला हे धरलं तर २६४. इतक्या जोड्या जुळवत बसलात तर लग्न जुळवणाऱ्या मंडळालाही मागे टाकाल. त्याऐवजी प्रत्येक टोक त्या मापाला लावा. टोकं फक्त २४. डबा शेजाऱ्याशी नाही, मापाशी जुळवायचा. शेजारी मग आपोआप जुळतो.

माप घेताना रूळ जाड काचेवर ठेवावा. प्लायवूड दिसतं सपाट, असतं वाकडं. उंची चुकलेली दिसली की लगेच कपलिंगला हात लावायचा नाही, खालून वर जायचं. आधी चाकं. व्यास चुकीचा असेल तर वरचं सगळंच चुकतं. मग खोबणी खाली लोंबतेय का ते बघा. प्लॅस्टिक वाकतं. लोंबत असेल तर वरून पातळ प्लॅस्टिकची पट्टी सारून ती सरळ होते.

त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: कपलिंग डब्याच्या तळाला लावलंय की बोगीला? तळाला असेल तर बोगी आणि डब्याच्या मधे पातळ वायसर घातला की डबा उचलला जातो आणि कपलिंगही. केडीचे फायबरचे वायसर ०.२५ आणि ०.३८ मिलिमीटर जाडीचे मिळतात, तेवढ्या पायरीने वर जाता येतं. खाली आणायचं असेल तर टेकू थोडा घासावा लागतो. कपलिंग बोगीला असेल तर मात्र कितीही वायसर घाला, डबा वर जाईल आणि कपलिंग जिथल्या तिथे राहील! डब्याची उंची आणि कपलिंगची उंची ह्या तिथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मग दांडी वर किंवा खाली वळवलेलं कपलिंग बसवणं हाच उपाय. तो मात्र शेवटचा, कारण मूळ चूक त्याने जात नाही, झाकली जाते.

हे वायसरचं काम फार खेळकर वाटेल, पण आपली रेल्वे अगदी हेच करते. ब्रॉडगेज प्रवासी डब्याच्या बफरची रुळापासूनची उंची जास्तीत जास्त ११०५ आणि कमीत कमी १०३० मिलिमीटर असावी लागते. फरक ७५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेच ३ इंच. आय.सी.एफ. पद्धतीच्या डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं. झिजून, कातून ते ८८९ वर आलं की डबा १३ मिलिमीटर खाली बसतो. म्हणून बोगीत स्प्रिंगखाली १३ मिलिमीटरचं कडं घालतात. चाक ८१९ वर आलं की ४८ मिलिमीटरचं. व्यासात जितकी घट, त्याच्या निम्मी कड्याची जाडी. वर्कशॉपमधल्या त्या माणसाचं आणि माझं काम एकच. त्याचा डबा फक्त ८७ पट मोठा आहे, आणि त्यात माणसं बसतात.

कपलिंगचा नमुना बदलणं हे ह्याहून अवघड. जपानने ते कसं केलं पाहा. आधी काही वर्षं नवे कपलर डब्यांखाली टांगून ठेवले आणि १७ जुलै १९२५ ह्या एका दिवशी होन्शू बेटावरचे सगळे डबे स्क्रूवरून स्वयंचलित कपलरवर नेले. एका दिवसात पूर्ण मायग्रेशन, तेही रोलबॅकशिवाय! आपण दुसरी वाट घेतली, हळूहळू जाण्याची. एल.एच.बी. डब्यांना मधे स्वयंचलित कपलर असतो. जुन्या आय.सी.एफ. डब्यांचं उत्पादन २०१८ साली थांबलं, पण बनून गेलेले हजारो डबे धावत राहिले. म्हणून इंजिनाला दोन्ही चालतील असा 'ट्रान्झिशन कपलर' लावावा लागतो. ट्राय-अँगच्या त्या ॲडॉप्टर डब्याचा हा थोरला भाऊ. १९३० साली सुरू झालेल्या आपल्या डेक्कन क्वीनला एल.एच.बी. डबे २०२२ मध्ये मिळाले.

हळूहळू जाण्याची किंमत असते. जोवर दोन पद्धती एकत्र नांदतात, तोवर कुणाला तरी मधे उतरावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डब्याची जोडणी सोडवताना एक रेल्वे कर्मचारी बफरच्या मधे सापडून गेला. प्रॉमंटरीनंतर १२४ वर्षांनी. कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात तेव्हा आपण खिडकीतून वडापाव घेत असतो आणि धक्का बसला की चहा सांडला म्हणून कुरकुरतो. त्या धक्क्याच्या जागी बाहेर कुणीतरी उभं असतं.

आता आपल्याकडच्या छंदी लोकांपुढचा एक पेच सांगून थांबतो. भारतीय डब्याचं एच-ओ मॉडेल बनवायचं तर ११०५ ला ८७ ने भागा: १२.७ मिलिमीटर. बाजारातला कपलर बसतो ९.९२ वर. जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. खरं दाखवायचं की जुळवून घ्यायचं? तसं पाहिलं तर आपली १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज एच-ओ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवी, पण आपण ती मुकाट्याने १६.५ च्या तयार रुळावर चालवतो. म्हणजे तडजोड खालपासूनच आहे. माझं मत, कपाटात ठेवायचा डबा असेल तर खुशाल १२.७ ठेवा. दुसऱ्याच्या डब्यांबरोबर धावायचा असेल तर ९.९२. सगळे डबे तुमच्याच घरात असेपर्यंत तुमचा आकडा चालतो. पहिला पाहुणा डबा आला की तो पुरत नाही.

पुण्यात असाल तर कोथरूडचं १९९८ साली सुरू झालेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय नक्की बघा. मुलं इंजिनं बघतील. तुम्ही जरा वाकून दोन डब्यांच्या मधे बघा.

पुढच्या शनिवारी वळणांबद्दल. तिथे तर बफरच बफरला नडतात!